सीसीआयईच्या लॅबची तयारी: इंदुरात राहून, नोकरी सांभाळून

प्रश्न थोडक्यात असा आहे. राहणं राजेंद्रनगरात, नोकरी विजयनगरच्या एका कंपनीच्या नॉकमध्ये, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या कक्षात, शिफ्टची. सिस्को कंपनीचं सीसीएनपी हे प्रमाणपत्र करताना एनकोर ही त्यातली मुख्य परीक्षा पास झालेली आहे. आता त्याच्या वरच्या पायरीच्या प्रमाणपत्राची, म्हणजे सीसीआयई एंटरप्राइझ इन्फ्रास्ट्रक्चरची, आठ तासांची लॅब (प्रात्यक्षिक परीक्षा) द्यायची आहे. नोकरी सोडून बंगळुरूला चार महिन्यांच्या क्लासला जावं, की घरूनच तयारी करावी? घरी सर्व्हर घ्यावा का? आणि सुरुवात कुठून करावी?

नोकरी सोडू नका. कारण फक्त पैशांचं नाही. सीसीएनपीच्या पायरीवरून या लॅबपर्यंत पोहोचायला साधारण हजार तासांचा हाताने केलेला सराव धरावा. चार महिन्यांत हजार तास बसवायचे म्हणजे रोज आठ तासांहून जास्त, एकही दिवस न चुकवता. ते झालं तरी डोक्यात मुरत नाही. त्याऐवजी सोमवार ते शुक्रवार दोन-दोन तास, शनिवारी चार, रविवारी पाच असे आठवड्याला एकोणीस तास ठेवा. पन्नास आठवड्यांत साडेनऊशे होतात. शिफ्ट बदलली की वेळ बदला, आठवड्याची बेरीज बदलू नका. एनकोर पास झाल्यापासून लॅबसाठी ३ वर्षांची मुदत असते, म्हणजे वर्षभराची आखणी निर्धास्तपणे करता येते. शिवाय नॉकमध्ये रोज जे बिघाड समोर येतात, ते कुठल्याही क्लासात विकत मिळत नाहीत.

आधी परीक्षेचं रूप नीट समजून घ्या. पहिले ३ तास डिझाइनचे, पुढचे ५ तास डिप्लॉय, ऑपरेट आणि ऑप्टिमाइझचे, म्हणजे नेटवर्क उभारणं, चालवणं आणि सुधारणं. डिझाइनच्या भागात एकाही उपकरणाला हात लावायला मिळत नाही. ई-मेल, आकृत्या, ग्राहकाच्या गरजा वाचून उत्तरं द्यायची असतात, आणि पुढे गेलेल्या प्रश्नावर परत येता येत नाही. दुसऱ्या भागात उपकरणं हातात असतात आणि मागेपुढे जाता येतं. पास होण्यासाठी दोन्ही भागांत किमान गुण लागतात आणि एकूण बेरीजही ठरावीक रेषेच्या वर हवी. म्हणजे कमांड पाठ असलेला पण डिझाइनला कच्चा माणूस नापास होतो, आणि उलटही. ब्लूप्रिंटच्या, म्हणजे परीक्षेच्या अधिकृत विषययादीच्या, १.१ आवृत्तीत वजन असं आहे: नेटवर्क इन्फ्रास्ट्रक्चर ३० टक्के, सॉफ्टवेअर-डिफाइंड इन्फ्रास्ट्रक्चर २५, आणि ट्रान्सपोर्ट, सुरक्षा व सेवा, ऑटोमेशन या तिघांना प्रत्येकी १५. तयारी सुरू करायच्या दिवशी सिस्कोच्या साइटवरून चालू आवृत्ती उतरवून घ्या, छापा, भिंतीवर लावा. ब्लूप्रिंट बदलत असतो. जुन्या यादीवर वर्ष घालवलेले लोक कमी नाहीत.

आता मुख्य मुद्दा. बहुतेकांची तयारी अशी चालते: वर्कबुक उघडायचं, कमांड टाइप करायच्या, शेवटी पिंग (दुसऱ्या टोकाला पोहोचतंय का याची चाचणी) लागला की पुढचा धडा. यातून बोटांना सवय लागते, नजरेला नाही. त्याऐवजी एक शिस्त पहिल्या दिवसापासून लावून घ्या. एंटर दाबण्यापूर्वी, पुढच्या शो कमांडमध्ये (उपकरणाची स्थिती दाखवणाऱ्या) काय दिसणार ते तोंडाने सांगायचं किंवा वहीत लिहायचं. कुठला नेक्स्ट-हॉप (वाटेतला पुढचा राउटर), कुठली मेट्रिक (वाटेचं मोल), किती नेबर (जोडलेले शेजारी राउटर), कुठल्या अवस्थेत. मग एंटर. जे दिसलं ते सांगितल्यापेक्षा वेगळं असेल तर तिथेच थांबायचं आणि कारण सापडेपर्यंत उठायचं नाही. याने सुरुवातीला वेग निम्म्यावर येतो. दोन-तीन महिन्यांनी मात्र तुम्हाला चुकीचं आउटपुट शोधावं लागत नाही, ते डोळ्यांत खुपतं. लॅबमध्ये हीच नजर कामाला येते, कारण तिथलं नेटवर्क कोरं नसतं. आधीच कोणीतरी अर्धवट बांधलेलं असतं आणि त्यात दोष असतात. कामावरचा एखादा मित्र याच वाटेवर असेल तर आठवड्यातून एकदा फळ्यासमोर उभं राहून पॅकेटचा प्रवास एकमेकांना मराठीत सांगा. इंग्रजीत पुस्तकातलं वाक्य तसंच्या तसं निघतं. मराठीत सांगताना कुठे समजलेलं नाही ते लगेच उघडं पडतं.

सर्व्हरचं बोलू. राउटिंग, एमपीएलएस (लेबल लावून पॅकेट पाठवणं), डीएमव्हीपीएन (शाखांमधले गरजेनुसार उभे राहणारे टनेल), मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना पाठवणं) या सगळ्याला १६ ते ३२ जीबी रॅमचा साधा डेस्कटॉप पुरतो, कारण आयओएल प्रकारची इमेज (संगणकावर चालणारं राउटरचं सॉफ्टवेअर) एका राउटरला फार कमी मेमरी घेते आणि वीस राउटर सहज उभे राहतात. खरी भूक एसडी-वॅनची, म्हणजे शाखांचं जाळं मध्यवर्ती सॉफ्टवेअरने चालवण्याची. त्यात व्हीमॅनेज या व्यवस्थापन सर्व्हरलाच १६ ते ३२ जीबी लागतात, आणि प्रत्येक कॅटॅलिस्ट ८०००व्ही राउटरला ४ जीबी. व्हीस्मार्ट (रूट आणि धोरणं वाटणारा), व्हीबाँड (नव्या राउटरची ओळख पटवणारा) आणि चार-पाच राउटर धरले तर ६४ जीबीत जेमतेम बसतं, १२८ जीबीत मोकळं बसतं. जुना रॅक सर्व्हर स्वस्तात मिळतो, पण घेण्याआधी दोन गोष्टींचा विचार करा. एक, त्याचा आवाज. फ्लॅटमध्ये झोपायच्या खोलीत तो ठेवता येत नाही. दोन, वीज: २०० वॅट धरले तरी चोवीस तास चालू ठेवल्यास महिन्याला १४४ युनिट होतात. शिवाय मे महिन्यातल्या इंदूरच्या दुपारी बंद खोलीत तो तापतो आणि पंखे पूर्ण वेगाने ओरडतात. म्हणून वर्कस्टेशन प्रकारचं टॉवर मशीन घ्या, एसएसडी किमान १ टीबी, आणि सोबत यूपीएस. यूपीएस चैनीचा नाही. व्हीमॅनेज चालू असताना वीज गेली की त्याचा डेटाबेस बिघडू शकतो आणि पूर्ण फॅब्रिक, म्हणजे हे सगळं जोडलेलं जाळं, पुन्हा उभारण्यात रविवार जातो. फॅब्रिक एकदा नीट उभं राहिलं की त्याचा स्नॅपशॉट (त्या स्थितीची प्रत) ठेवा.

आभासी नेटवर्क उभारायच्या सॉफ्टवेअरमध्ये सिस्कोचं सीएमएल कायदेशीर इमेजसकट येतं. पर्सनल आवृत्तीत २० नोड (आभासी उपकरणं), पर्सनल प्लसमध्ये ४०. ईव्ही-एनजीही चांगलं, पण इमेज तुम्हाला आणाव्या लागतात. एसडी-ॲक्सेससाठी, म्हणजे कार्यालयाच्या आतल्या नेटवर्कच्या तशाच पद्धतीसाठी, घरी काही उभारायच्या फंदात पडू नका. त्याचा व्यवस्थापक कॅटॅलिस्ट सेंटर, म्हणजे आधीचं डीएनए सेंटर, २५६ जीबी रॅम मागतं. त्यासाठी सिस्कोचं डीक्लाउड आणि डेव्हनेट सँडबॉक्स या ऑनलाइन लॅब आहेत, ते वेळ आरक्षित करून फुकट वापरता येतात. घरी त्याऐवजी हाताने लिस्प (कोण कुठे आहे ते सांगणारा प्रोटोकॉल) आणि व्हीएक्सलॅन (पॅकेट गुंडाळून नेणारा) जुळवून बघा; फॅब्रिकच्या पडद्यामागे काय चालतं ते त्यातून कळतं.

क्रम असा ठेवा: पहिले सोळा आठवडे लेयर-२ (स्विचिंग) आणि आयजीपी-बीजीपी (नेटवर्कच्या आतलं आणि नेटवर्कांमधलं राउटिंग), मग दहा आठवडे एमपीएलएस आणि डीएमव्हीपीएन, मग दहा एसडी-वॅन आणि एसडी-ॲक्सेस, मग सहा ऑटोमेशन, आणि शेवटचे आठ फक्त पूर्ण लांबीच्या मॉक, म्हणजे सराव परीक्षा. क्यूओएस (कुठल्या डेटाला प्राधान्य ते ठरवणं), मल्टिकास्ट, आयपीव्ही६ यांना वेगळे आठवडे देऊ नका, प्रत्येक टप्प्यात विणत चला.

लोक नेमके कुठे अडकतात, ते आता तपशिलात.

दोन टोकांवरचं परस्पर रिडिस्ट्रिब्यूशन, म्हणजे एका राउटिंग प्रोटोकॉलचे रूट दुसऱ्यात ओतणं. आर-१ आणि आर-२ दोन्ही राउटर ईआयजीआरपी आणि ओएसपीएफ या दोन प्रोटोकॉलच्या मध्ये उभे आहेत. ईआयजीआरपीत बाहेरून आलेला एक रूट आहे, त्याचं ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स १७० (हा आकडा जितका कमी तितका रूट भरवशाचा). आर-१ तो ओएसपीएफमध्ये टाकतो. आर-२ ला तोच रूट आता ओएसपीएफकडून ११० ने मिळतो, म्हणून तो ईआयजीआरपीची सरळ वाट सोडून ओएसपीएफची लांब वाट धरतो, वर तोच रूट परत ईआयजीआरपीत ओततो. इथे बहुतेक जण टॅग (रूटवरची खूण) लावतात: जाताना १०० चा टॅग, परत येताना तो टॅग असलेला रूट नाकारायचा. याने फेरा थांबतो, पण आर-२ ची चुकीची निवड तशीच राहते. ती सुधारायला आर-२ वर ओएसपीएफखाली टॅग ओळखणारी डिस्ट्रिब्यूट-लिस्ट (रूटची गाळणी) आत येणाऱ्या बाजूला लावावी लागते, किंवा त्या रूटपुरतं डिस्टन्स बदलावं लागतं. प्रश्नात 'सर्वांत जवळची वाट वापरली पाहिजे' असं एक वाक्य असतं आणि टॅग लावून खूश झालेला माणूस ते विसरतो. आणि ईआयजीआरपीत ओएसपीएफचे रूट आणताना सुरुवातीची मेट्रिक दिली नाही, तर कुठलीही तक्रार न करता रूट दिसतच नाहीत.

डीएमव्हीपीएन. मल्टिपॉइंट जीआरई टनेलवर ओएसपीएफचा नेटवर्क प्रकार आपोआप पॉइंट-टू-पॉइंट असतो. हबवर (मुख्य राउटरवर) तीन स्पोक (शाखांचे राउटर) आले की नेबर एकामागून एक लागतात आणि तुटतात, कारण हब एकाच नेबरची अपेक्षा करत असतो. फेज-२ (शाखा एकमेकांशी थेट बोलतात) असेल तर ब्रॉडकास्ट प्रकार आणि स्पोकवर प्रायॉरिटी शून्य. फेज-३ (हबच्या इशाऱ्यावरून थेट बोलतात) असेल तर पॉइंट-टू-मल्टिपॉइंट, हबवर एनएचआरपी (शाखेचा खरा पत्ता शोधणारा प्रोटोकॉल) रिडायरेक्ट, स्पोकवर शॉर्टकट. ईआयजीआरपी असेल तर हबवर स्प्लिट-होरायझन (जिथून शिकला तिथेच रूट परत न सांगण्याचा नियम) बंद, आणि फेज-२ मध्ये नेक्स्ट-हॉप-सेल्फही बंद. दुसरा ठरलेला बिघाड: टनेल उठतो, काही सेकंद चालतो, पडतो, पुन्हा उठतो. लॉगमध्ये रिकर्सिव्ह राउटिंगचा उल्लेख दिसतो. टनेलच्या दुसऱ्या टोकाचा पत्ता टनेलमधूनच शिकला गेला, की राउटर टनेलला टनेलमधूनच पाठवू बघतो. बाहेरची बाजू वेगळ्या व्हीआरएफमध्ये (स्वतंत्र राउटिंग टेबलमध्ये) ठेवली की हा प्रश्न मुळातून जातो. आयपीसेक (एन्क्रिप्शन) चढवल्यावर टनेलवर आयपी एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १४०० आणि टीसीपी एमएसएस (त्यातल्या डेटाचा कमाल आकार) १३६० ठेवा. ओएसपीएफ एक्सस्टार्टमध्ये (नेबर जुळण्याच्या मधल्या अवस्थेत) अडकला असेल तर सगळं सोडून आधी दोन्ही बाजूंचा एमटीयू बघा.

एमपीएलएस लेयर-३ व्हीपीएनमधला हा दोष मनात कोरून ठेवा. दोन पीई राउटर (सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या कडेचे) एकमेकांच्या लूपबॅकला (राउटरच्या आतल्या आभासी पत्त्याला) पिंग करतात. व्हीपीएनव्ही४ नेबर (ग्राहकांचे रूट वाहणारा) उभा आहे, ग्राहकाचे रूट दोन्हीकडे दिसतात. तरी ग्राहकाचा पिंग लागत नाही. कारण बऱ्याचदा असं असतं की पीईच्या लूपबॅकला /२४ मास्क दिलेला आहे. ओएसपीएफ लूपबॅक आपणहून /३२ म्हणून जाहीर करतो, पण त्या राउटरवरचं एलडीपी (लेबल वाटणारा प्रोटोकॉल) लेबल बांधतं ते /२४ ला. शेजाऱ्याकडे /३२ चा रूट आहे, त्याला जुळणारं लेबल नाही. त्यामुळे ग्राहकाच्या पॅकेटवरचं आतलं लेबलही पुढे जात नाही आणि लेबलांची साखळी तिथे तुटते. साध्या पिंगला लेबल लागत नाही, म्हणून तो पोहोचतो आणि दिशाभूल करतो. एमपीएलएस फॉरवर्डिंग टेबलमध्ये त्या प्रीफिक्ससमोर 'नो लेबल' दिसलं की ओळखा. लूपबॅकला /३२ द्या. मास्क बदलायची मनाई असेल तर लूपबॅकवर ओएसपीएफचा प्रकार पॉइंट-टू-पॉइंट करा. अशी मनाई मुद्दाम घातलेली असते, त्यामुळे प्रत्येक दोषावर दोन उपाय माहीत हवेत. याच जातीचा दुसरा प्रश्न: ग्राहकाच्या दोन्ही शाखांना एकच एएस (बीजीपीत नेटवर्कची ओळख) क्रमांक असल्यावर बीजीपी स्वतःचा एएस बघून रूट फेकतो. पीईवर एएस-ओव्हरराइड किंवा सीईवर (ग्राहकाच्या राउटरवर) अलाऊएएस-इन, यांतलं कुठलं चालेल ते कुठल्या राउटरला हात लावायची परवानगी आहे त्यावर ठरतं.

एसडी-वॅनमध्ये सर्वांत जास्त वेळ प्रमाणपत्रं खातात. कंट्रोल कनेक्शन उठत नसेल तर पहिल्यांदा घड्याळ बघा. राउटरची तारीख मागे असेल तर प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही असं त्याला वाटतं. मग ऑर्गनायझेशनचं नाव अक्षर-अक्षर जुळतंय का, मग चॅसिसचा क्रमांक यादीत आहे का, मग व्हीपीएन शून्यमधून (बाहेरच्या जोडणीच्या भागातून) व्हीबाँडपर्यंत वाट आहे का आणि मधल्या फायरवॉलवर यूडीपी १२३४६ उघडा आहे का. कंट्रोल कनेक्शनच्या इतिहासात जो संक्षेप दिसतो तो वाचायला शिका: डीकॉनफेल म्हणजे डीटीएलएसचं (सुरक्षित जोडणीचं) बोलणंच झालं नाही, तेव्हा वाट किंवा पोर्ट तपासा, सीआरटीव्हीईआरएफएल म्हणजे बोलणं झालं पण प्रमाणपत्र पटलं नाही, तेव्हा वाटेत वेळ घालवू नका. आणखी एक: सेंट्रलाइज्ड पॉलिसी सक्रिय होत नसेल तर व्हीस्मार्टला टेम्प्लेट जोडलेलं आहे का ते बघा. तो कमांड-लाइनवरच चालत असेल तर व्हीमॅनेज त्याच्यावर पॉलिसी ढकलू शकत नाही. सिस्कोने व्हीमॅनेज, व्हीस्मार्ट आणि व्हीबाँड यांची नावं बदलून अनुक्रमे मॅनेजर, कंट्रोलर आणि व्हॅलिडेटर केली आहेत. दोन्ही नावं सरावात ठेवा.

एसडी-ॲक्सेसबद्दल एवढं पक्कं असू द्या की कंट्रोल प्लेन (वाट ठरवणारा भाग) लिस्प, डेटा प्लेन (पॅकेट वाहणारा भाग) व्हीएक्सलॅन, आणि गटवार धोरण एसजीटी या गट-खुणेने. व्हीएक्सलॅन प्रत्येक पॅकेटवर ५० बाइट चढवतो, म्हणून अंडरलेचा (खालच्या मूळ नेटवर्कचा) एमटीयू वाढवावा लागतो. पिंग चालतो आणि मोठी फाइल जात नाही, हे त्याचं लक्षण.

ऑटोमेशनला घाबरून लोक ते शेवटावर ढकलतात आणि हातचे १५ टक्के घालवतात. इथे प्रोग्रामर व्हायचं नाही. पायथनमध्ये डिक्शनरी आणि लिस्ट फिरवता येणं, जेसन (डेटा लिहायची एक पद्धत) वाचता येणं, रेस्टकॉन्फने (वेबच्या पद्धतीने उपकरण हाताळणाऱ्या प्रोटोकॉलने) एक इंटरफेस वाचणं आणि बदलणं, त्याच कामाच्या नेटकॉन्फचा पोर्ट ८३० आणि यांगचं (कॉन्फिगरेशनच्या आराखड्याचं) झाड कसं उलगडायचं एवढं हवं. रेस्टकॉन्फ उत्तर देत नसेल तर सुरक्षित एचटीटीपी सर्व्हर चालू आहे का आणि वापरकर्त्याला १५ ची प्रिव्हिलेज आहे का ते आधी तपासा. ईईएम ॲपलेट (राउटरवर आपोआप चालणारी कमांडची यादी) लिहिताना पहिली कृती 'एनेबल' ठेवायला विसरलं तर ॲपलेट चालल्याचं दिसतं पण कॉन्फिगरेशन बदलत नाही.

डिझाइनच्या ३ तासांची तयारी कीबोर्डवर होत नाही. त्यासाठी तुमच्या कामावरचीच एखादी खरी मागणी घ्या, तिच्यातल्या अटी ओळीने लिहा, आणि प्रत्येक अटीसमोर ती कुठले पर्याय बाद करते ते लिहा. ग्राहक म्हणतो शाखांनी एकमेकांशी थेट बोलावं, पण शाखेचे राउटर लहान आहेत: म्हणजे फेज-१ (सगळं हबमधूनच) गेला, आणि संपूर्ण राउटिंग टेबल शाखेत पाठवणंही गेलं, उरला फेज-३ आणि हबवर समरी. उत्तर नेहमी कागदपत्रांत असतं, तुमच्या आवडत्या पद्धतीत नसतं. ई-मेलच्या साखळीत नंतरच्या पत्राने आधीची अट रद्द केलेली असते, हे विशेष जपा.

शेवटचे आठ आठवडे दर रविवारी पूर्ण आठ तास, फोन दुसऱ्या खोलीत, मध्ये एकच जेवणाची सुट्टी. घरच्यांना आधी सांगून ठेवा. त्या दिवशी पोह्यांपासून पाहुण्यांपर्यंत सगळं तुमच्याविना होऊ द्या. दुसऱ्या भागातली पहिली वीस मिनिटं काहीही टाइप करू नका: सगळे प्रश्न वाचा, कुठला कशावर अवलंबून आहे ते कागदावर बाणांनी जोडा, मनाई असलेल्या गोष्टी वेगळ्या लिहा. एका प्रश्नावर वीस मिनिटं अडकलात तर केलेले बदल मागे घ्या आणि पुढे चला. अर्धवट उपाय तसाच सोडला तर तो पुढचे तीन प्रश्न बिघडवतो. प्रश्नातल्या सगळ्या अटी पूर्ण झाल्याशिवाय त्याचे गुण मिळत नाहीत, म्हणून दहा अर्धे प्रश्न करण्यापेक्षा सात पूर्ण केलेले बरे. शेवटची चाळीस मिनिटं नवं काही नाही, फक्त पहिल्या प्रश्नापासून पुन्हा पडताळणी आणि सगळ्या उपकरणांवर सेव्ह. परीक्षेत सिस्कोची कागदपत्रं मर्यादित रूपात बघायला मिळतात. सरावात गूगल बंद ठेवा आणि कॉन्फिगरेशन गाइडपर्यंत मेन्यूमधून पोहोचायची सवय करा.

परीक्षेचे 'खरे प्रश्न' विकणारे तुम्हाला गाठतीलच. ते घेणं परीक्षेच्या कराराचा भंग आहे, आणि पकडलं गेल्यास मिळालेला सीसीआयई क्रमांक काढून घेतला जाऊन पुढच्या परीक्षांवरही बंदी येते. दुसरं नुकसान रोजचं आहे. मुलाखतीत समोर बसलेला सीसीआयई असेल तर वर सांगितलेला लूपबॅकचा एकच प्रश्न विचारतो आणि पाच मिनिटांत कळून चुकतं.

तारीख कधी घ्यायची? लागोपाठ तीन मॉकमध्ये दुसरा भाग चार तास वीस मिनिटांत संपू लागला, म्हणजे पडताळणीला चाळीस मिनिटं उरू लागली, की घ्या, त्याआधी नको. लॅबचं शुल्क सुमारे १६०० डॉलर आहे, त्यामुळे 'एकदा बसून अंदाज घेऊ' हा विचार महागात पडतो. बुकिंगच्या दिवशीचा आकडा आणि कर तपासा, कंपनीकडे परतफेडीची सोय आहे का ते मनुष्यबळ विभागाला आधीच लेखी विचारा. बंगळुरूचं केंद्र निवडलंत तर परीक्षेच्या आदल्या दिवशी नाही, दोन दिवस आधी पोहोचा. तिथला विमानतळ देवनहळ्ळीला, शहरापासून तीस-चाळीस किलोमीटरवर आहे आणि रस्त्यावरची गर्दी तुमचं वेळापत्रक मानत नाही. राहायची जागा बुकिंगच्या पत्रातल्या पत्त्यापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर घ्या, आदल्या दिवशी त्याच वेळेला तिथपर्यंत एकदा चालून या, आणि पासपोर्टवरचं नाव नोंदणीतल्या नावाशी जुळतंय ना, हे इंदूर सोडण्याआधी बघून घ्या. मधलं नाव, म्हणजे वडिलांचं नाव, एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, ही आपल्याकडची नेहमीची गफलत आहे आणि ती दुरुस्त व्हायला काही दिवस लागतात.